देवळात चालतं, मग गॅलरीत का नाही?

१. हमखास येणारा प्रश्न

नाशिकमध्ये चित्रकलेवर कुठेही बोलायला गेलं, की शेवटी कुणीतरी विचारतंच: ‘देवळावर उघडीवाघडी शिल्पं चालतात, मग तेच कुणी कॅनव्हासवर काढलं की पोलीस का येतात?’ विचारणारा कधी चिडलेला असतो, कधी खरोखर गोंधळलेला असतो. प्रश्न रास्त आहे, आणि तो नाशिककराला पडावा यात नवल नाही. पांडवलेण्यांतल्या तीन नंबरच्या लेण्याच्या दारापाशी क्षणभर थांबून चौकटीकडे नीट पाहा. दोन्ही बाजूंना एकावर एक खण आहेत आणि प्रत्येक खणात स्त्रीपुरुषांच्या आकृती कोरलेल्या आहेत. बागलाणात देवळाण्याच्या जोगेश्वर मंदिरावर तर सरळसरळ मैथुनशिल्पं आहेत. सिंहस्थात त्र्यंबकेश्वरी नागा साधू विवस्त्र स्नानाला निघतात आणि भाविक कुटुंबं रस्त्याच्या कडेला हात जोडून उभी असतात.

म्हणजे उघडं शरीर या जिल्ह्याला नवं नाही. मग 1954 साली मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत टांगलेल्या दोन चित्रांपायी सव्वीस वर्षांच्या चित्रकाराला आरोपी म्हणून कोर्टात का उभं राहावं लागलं? त्याच चित्रकाराची विवस्त्र चित्रं सत्तर वर्षांनी पुन्हा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत का गेली? हे समजायला आधी नग्नचित्राचा रिवाज काय होता ते पाहू, मग ती चित्रं, आणि मग कायदा.

२. नग्नचित्राचा परवाना

कोणतं अंग उघडं असलं की माणसाला नागडं म्हणायचं, हे काळाप्रमाणे बदलत आलं आहे. सातवाहन काळातल्या शिल्पांमध्ये कमरेला वस्त्र, त्यावर मेखला, हातागळ्यात ठसठशीत दागिने आणि वरचं अंग उघडं, असा पेहराव सर्रास दिसतो. ते घडवणाऱ्या कारागिराला आपण काही धाडस करतोय असं वाटण्याचं कारण नव्हतं. मंदिरांवरची मैथुनशिल्पं पुढच्या काळातली आणि वेगळ्या हेतूंची, पण तीही उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर होती.

युरोपात गोष्ट निराळी होती. तिथे अंग झाकण्याची रीत कडक होती, त्यामुळे चित्रात विवस्त्र बाई दाखवायची तर तिला काहीतरी परवाना लागे. तो परवाना म्हणजे देवीचं नाव. चित्रातली स्त्री व्हीनस असली, एखादी वनदेवता असली, की राजवाड्याच्या भिंतीवर ती बिनघोर टांगता येई. टिशियन या इटालियन चित्रकारानं 1538 मध्ये बिछान्यावर पहुडलेली व्हीनस रंगवली आणि पुढची तीनशे वर्षं लोकांनी तिचं कौतुक केलं. मग 1863 मध्ये एदुआर माने यानं पॅरिसमध्ये जवळजवळ तीच मांडणी घेऊन एक चित्र काढलं: ‘ऑलिंपिया’. बिछाना तसाच, पहुडणं तसंच. पण बाई त्या काळच्या पॅरिसमधली, गळ्यात काळी फीत, पायात सपाता. हे नावसुद्धा तिथल्या वेश्यांमध्ये चालणारं. आणि ती लाजत नाही, स्वप्नात हरवलेलीही नाही, थेट पाहणाऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघते. 1865 च्या सरकारी प्रदर्शनात ते लागलं तेव्हा गर्दी इतकी खवळली की चित्राजवळ पहारेकरी ठेवावे लागले आणि शेवटी ते उंच, नजरेच्या आवाक्याबाहेर नेऊन टांगलं.

टिशियनच्या व्हीनसपेक्षा ऑलिंपियाचं अंग काही जास्त उघडं नाही. देवीचं नाव काढून घेतलं आणि तिथे आजची, ओळखीची बाई बसवली, एवढंच मानेनं केलं होतं. लोकांना झोंबलं ते हे. पुढे येणाऱ्या मुंबईच्या गोष्टीसाठी हा मुद्दा लक्षात ठेवा.

हा परवान्याचा रिवाज इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 मध्ये सुरू झालं. मानवी शरीर शिकायचं तर ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून, अशी तिथली पद्धत होती. कोल्हापूरचा किंवा नाशिकचा मुलगा मुंबईत येऊन पहिलं माणसाचं अंग काढायचा ते अथेन्सच्या देवाचं, आणि तेही पांढऱ्या प्लास्टरमधलं. पहिल्या महायुद्धानंतर कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन संचालक म्हणून आले आणि त्यांनी जिवंत विवस्त्र मॉडेलवरून रेखाटन करण्याचा वर्ग, म्हणजे लाइफ क्लास, रुजवला. तोपर्यंत मुलं बरगडीचा, कमरेचा, मांडीचा आकार अंदाजानं काढत होती. आता समोर इथलंच माणूस आलं, इथल्या कातडीच्या रंगाचं, इथल्या बांध्याचं. माझ्या मते आधुनिक भारतीय चित्रकलेतल्या मोठ्या बदलांपैकी हा एक आहे, आणि त्याबद्दल आपण फारच कमी बोलतो.

३. जहांगीर, 1954

स्वातंत्र्याच्या वर्षी, 1947 मध्ये, मुंबईत सहा तरुणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौळाजी आरा, हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे. साळगावात जन्मलेला गोव्याचा सूझा, पंढरपूरला जन्मलेले हुसेन, विदर्भातले गाडे. विवस्त्र देह हा यातल्या बऱ्याच जणांचा आवडता विषय होता. सूझानं तर 1949 मध्ये स्वतःचंच नग्न चित्र प्रदर्शनात ठेवलं. पोलिसांनी दखल घेतली, चित्र उतरलं, आणि त्याच वर्षी सूझानं लंडनची वाट धरली.

अकबर पदमसी या गटाचे संस्थापक सदस्य नव्हते, पण याच वर्तुळातले. जन्म मुंबईत, 12 एप्रिल 1928 चा. जे. जे. मध्ये शिकले, 1951 मध्ये पॅरिसला गेले, आणि तिथे त्यांनी जी चित्रं काढली त्यांत ‘लव्हर्स’ या नावाची दोन होती. 1954 मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत त्यांचं एकल प्रदर्शन भरलं. गॅलरी उघडून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. काळा घोड्याच्या त्या इमारतीत चित्रं पाहायला जाण्याची मुंबईला अजून सवय होत होती.

प्रदर्शनात पोलीस इन्स्पेक्टर आला आणि ‘लव्हर्स’ची दोन्ही चित्रं उतरवा म्हणाला. पदमसींनी नकार दिला. प्रकरण भारतीय दंड संहितेच्या कलम 292 खाली, म्हणजे अश्लील वस्तू प्रदर्शित केल्याच्या आरोपावर, कोर्टात गेलं.

या नकाराचं वजन नीट समजून घ्यावं असं मला वाटतं. सव्वीस वर्षांचा माणूस, आपल्या शहरातलं पहिलं एकल प्रदर्शन, आणि चित्रं उतरवली असती तर बात तिथेच मिटत होती. दोन खिळे रिकामे राहिले असते इतकंच. त्यांनी चित्रं भिंतीवर ठेवली आणि खटला पत्करला.

४. त्या चित्रात होतं तरी काय?

चित्र न पाहता मत देणारे तेव्हाही होते, आजही आहेत. म्हणून जरा थांबून त्यांतलं एक पाहू.

एक पुरुष, एक स्त्री. दोघं विवस्त्र, दोघंही पाहणाऱ्याकडे तोंड करून. बाह्यरेषा जाड आणि काळ्या. चेहरे मुखवट्यासारखे स्थिर. अंगाला गोलाई देणारी, त्वचा मऊ भासवणारी छायाप्रकाशाची करामत जवळजवळ नाही. टिशियनच्या चित्रात जी कातडी हात लावावासा वाटेल इतकी जिवंत आहे, तशी इथे शोधून सापडत नाही. पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर आहे. पोलिसांचा आक्षेप मुख्यतः या हातावर होता.

आता वेरूळला किंवा एखाद्या वस्तुसंग्रहालयात उमामहेश्वराची मूर्ती आठवा. शिव बसलेला, डाव्या मांडीवर पार्वती. शिवाचा एक हात तिला वेढून पुढे येतो आणि बऱ्याच मूर्तींमध्ये तो तिच्या स्तनाला स्पर्श करतो. ही मूर्ती गाभाऱ्यात, देवकोष्ठात असते, तिच्यापुढे फुलं वाहतात. पदमसींच्या चित्राची मुळं याच परंपरेत आहेत: पाहणाऱ्यासमोरची ठाम बैठक, स्थिर चेहरे, आणि तो हात.

फरक एकच. हे दोघं शिवपार्वती नाहीत. डोक्यावर जटामुकुट नाही, पायाशी नंदी नाही, चित्राला नाव आहे ‘प्रेमी’ असं साधं. मानेनं व्हीनसचं नाव काढून घेतलं तसं पदमसींनी देवांचं नाव काढून घेतलं, देवांची मुद्रा मात्र राहू दिली. कुणीही दोन माणसं त्या मुद्रेत उभी राहू शकतात, हे त्या चित्राचं म्हणणं आहे, आणि माझ्या लेखी ते बेशरम नाही, आदराचं आहे. रिवाजाला धक्का बसला तो इथे.

खालच्या कोर्टानं पदमसींना निर्दोष ठरवलं. सरकार उच्च न्यायालयात गेलं. तिथेही पदमसीच जिंकले.

५. कायदा कशाकडे पाहतो?

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर देता येतं, आणि ते अनेकांना चकित करतं. देवळावर चालतं याचं एक साधं कारण म्हणजे कायद्यानंच तशी सूट दिली आहे. अश्लीलतेच्या कलमाला अपवाद जोडलेला होता: मंदिरावर किंवा मंदिरात कोरलेली, रंगवलेली आकृती, देवाच्या रथावरची आकृती, आणि खऱ्या धार्मिक कारणासाठी वापरलेली वस्तू यांना हे कलम लागू नाही. 1954 साली हा अपवाद होता. कलेसाठी मात्र असा शब्दच नव्हता! म्हणून देवळाण्याच्या भिंतीला कायद्याचं संरक्षण होतं आणि जहांगीरच्या भिंतीला नव्हतं. तो इन्स्पेक्टर दुष्ट होता असं मानायची गरज नाही. त्याच्या हातातल्या पुस्तकात चित्रकाराची जागाच रिकामी होती. कलमात दुरुस्ती होऊन विज्ञान, साहित्य, कला किंवा ज्ञान यांसाठी लोकहिताचा अपवाद आला तो 1969 मध्ये. पदमसींच्या खटल्यानंतर पंधरा वर्षांनी.

दुसरं निम्मं उत्तर कसोटीत आहे. अश्लील म्हणजे काय, हे ठरवायला आपली न्यायालयं दीर्घकाळ 1868 च्या एका इंग्लिश निकालातली कसोटी वापरत आली. तिला हिकलिन कसोटी म्हणतात. तिचा अर्थ असा: ज्यांची मनं अशा प्रभावाला सहज बळी पडतील, त्यांच्या हाती ही वस्तू पडली तर ती त्यांना बिघडवेल का? मापाला धरलाय तो सगळ्यात कच्चा प्रेक्षक. या मापानं पाहिलं तर शरीरशास्त्राचं पुस्तकही अडचणीत येऊ शकतं.

1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या रणजित उदेशी या पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात ही कसोटी स्वीकारली आणि ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दलची त्यांची शिक्षा कायम ठेवली. पण न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी त्याच निकालात हेही स्पष्ट केलं की केवळ नग्नता किंवा कामविषय असणं हा अश्लीलतेचा पुरावा होत नाही. मायकेलअँजेलोच्या देवदूतांना आणि संतांना पाहण्याआधी विजारी चढवायला नकोत, असा त्यांचा रोख होता. हे उदाहरण त्यांनी हवेतून काढलेलं नव्हतं. रोममधल्या सिस्टाइन चॅपेलच्या भिंतीवर 1541 मध्ये पूर्ण झालेल्या ‘अंतिम न्याया’च्या चित्रातल्या नग्न आकृतींवर 1565 मध्ये खरोखरच दानिएले दा व्होल्तेरा याच्याकडून वस्त्रं रंगवून घेतली गेली. लोकांनी त्या बिचाऱ्याला विजारवाला असं टोपणनाव पाडलं, ते आजवर चिकटलं आहे.

मराठी वाचकाला जवळचा खटला त्यानंतरचा. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही दीर्घकथा ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात आली. अश्लीलतेची फिर्याद झाली, शिक्षा झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं 1969 मध्ये काकोडकरांना सोडलं. कथा सबंध वाचली पाहिजे, आणि समाजाच्या बदलत्या मापानं वाचली पाहिजे, हा त्यातला गाभा.

सबंध पाहणं म्हणजे काय? मिसळीतली तर्री तेवढी वाटीत वेगळी काढून कुणाला प्यायला दिली तर तो नाशिकच्या मिसळीला जन्मभर नावं ठेवील. मटकी, फरसाण, कांदा, लिंबू, पाव यांच्यासकट ती खाल्ली तर मग तिखटाबद्दल बोलता येतं. ‘लव्हर्स’मधला हात कापून वेगळा छापला तर तो काहीही वाटेल. स्थिर चेहरे, जाड रेषा, समोरची बैठक यांच्यासकट पाहिला तर तो उमामहेश्वराच्या हाताची आठवण देतो.

पुढे 2014 मध्ये अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हिकलिन कसोटी बाजूला ठेवली आणि त्या काळच्या समाजातल्या सर्वसाधारण माणसाची कसोटी धरली. तो खटला टेनिसपटू बोरिस बेकर यांच्या आपल्या वाग्दत्त वधूबरोबरच्या विवस्त्र छायाचित्राचा होता. बेकर गोरे, ती कृष्णवर्णीय, आणि छायाचित्र वर्णद्वेषाविरुद्ध बोलत होतं. संदर्भ धरल्यावर चित्राचा अर्थ पालटला.

एक छोटा सराव करून पाहू. लाइफ क्लासमधलं कोळशानं काढलेलं एकच रेखाटन घ्या: स्टुलावर पाठमोरी बसलेली विवस्त्र स्त्री. ते कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात लावलं, तर कलेचा अपवाद आणि संदर्भ दोन्ही पाठीशी आहेत. शरीररचनेच्या पुस्तकात छापलं, तर ज्ञानाचा अपवाद. तेच मोठं करून एखाद्या बारच्या पाटीवर गिऱ्हाईक खेचायला टांगलं, तर कामुक कुतूहल चाळवण्याचा हेतू समोर येतो आणि उत्तर बदलू शकतं. आणि तेच मोबाइलवर गावातल्या एखाद्या मुलीचं नाव जोडून फिरवलं, तर प्रश्न अश्लीलतेपुरता राहतच नाही. तो एका जित्याजागत्या बाईच्या अब्रूवरचा हल्ला आहे. कागद एक, रेषा त्याच. कायद्याला विचारायचं असतं ते कुठे, कशासाठी आणि कुणापुढे.

हुसेन यांची प्रकरणं इथे मिसळू नयेत असं माझं मत आहे. तिथे वाद देवतांच्या आणि भारतमातेच्या चित्रणाचा, धार्मिक भावनांचाही होता, त्याला अश्लीलतेच्या कलमाबरोबर दुसरी कलमंही लागतात. एवढं नोंदवायला हवं की 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं भारतमातेच्या चित्रावरची कारवाई रद्द केली, तरी परदेशात गेलेले हुसेन परत आले नाहीत. 2011 मध्ये लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

६. कस्टमचं गोदाम

पदमसींना 2010 मध्ये पद्मभूषण मिळालं. 2020 च्या जानेवारीत ते गेले. आणि 2023 मध्ये मुंबईच्या कस्टम विभागानं त्यांची तीन आणि सूझाची चार विवस्त्र कामं अश्लील म्हणून अडकवली. मुंबईतल्या एका कंपनीनं ती ब्रिटनमधल्या लिलावांत विकत घेऊन मागवली होती. अश्लील वस्तू आयात करायला बंदी आहे, ती 1964 च्या एका अधिसूचनेनं. जुलै 2024 मध्ये ही सातही कामं जप्त करण्याचा आदेश निघाला, वर पन्नास हजारांचा दंड. जप्तीनंतर ती नष्ट होण्याची भीती होती.

कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती महेश सोनक आणि न्यायमूर्ती जितेंद्र जैन यांनी आधी कामं नष्ट करायला मनाई केली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये जप्तीचा आदेशच रद्द ठरवला. अधिकाऱ्यानं चित्रं नग्न आहेत एवढंच पाहिलं, तज्ज्ञांचे अभिप्राय, चित्रकारांचं स्थान, कलामूल्य यांचा विचारच केला नाही, असं न्यायालयाला आढळलं. कामविषय आणि अश्लीलता या नेहमी एकच गोष्टी नसतात आणि प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं, हे पुन्हा एकदा लिहावं लागलं. 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेलं 2024 मध्ये एका सरकारी टेबलाला परत शिकवावं लागावं, याचा मला राग येतो. सात कागद वाचले ते मागवणाऱ्याला हायकोर्टात वकील देणं परवडलं म्हणून. पहिल्यांदाच प्रदर्शन भरवणाऱ्या पोराला ते कसं परवडणार?

७. स्टुलावर बसलेली बाई

या सगळ्या निकालांत चित्रकार आहे, पोलीस आहे, प्रेक्षक आहे. जिच्यावरून रेखाटन झालं ती नसते. रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ या मराठी चित्रपटानं तिला मध्यभागी आणलं: यमुना, गाव सोडून मुंबईत आलेली, मुलाच्या शिक्षणासाठी जे. जे. मध्ये मॉडेल म्हणून बसणारी. 2017 मध्ये गोव्याच्या इफ्फी महोत्सवात परीक्षकांनी निवडलेला हा चित्रपट माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं यादीतून काढला. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. चित्रपट एप्रिल 2018 मध्ये प्रदर्शित झाला.

लाइफ क्लासमध्ये कामुक असं फार थोडं असतं. तासभर एका कुशीवर भार टाकून बसायचं, पायाला मुंग्या आल्या तरी हलायचं नाही, सुटी झाली की पडद्यामागे जाऊन साडी गुंडाळायची. समोर वीस बोर्ड आणि कोळशाच्या कांड्यांचा खरखराट. मुलं खांद्यापासून कोपरापर्यंतचं अंतर पेन्सिल धरून मोजत असतात. हे कष्टाचं काम आहे, मोबदला बेताचा आहे, आणि घरी बहुतेकींना ते लपवावं लागतं. नग्नचित्राच्या स्वातंत्र्यावर भांडणाऱ्या आपण सगळ्यांनी तिच्या मजुरीबद्दल, तिच्या नावाबद्दल आणि तिचं चित्र कुठे लागणार हे तिला विचारण्याबद्दलही तितक्याच जोरात बोलायला हवं होतं. ते झालेलं नाही.

८. नाशिकमध्ये भरवायचं असेल तर

हा शेवटचा प्रश्न कला महाविद्यालयातली मुलं विचारतात. 1 जुलै 2024 पासून कलम 292 ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 294 नं घेतली. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड, आणि आता मोबाइल-इंटरनेटवरची प्रतिमाही त्यात येते. मंदिरांचा अपवाद आहे, कलेचा अपवादही आहे. तेव्हा चित्राला शीर्षक द्या, त्याखाली ते कशावरून, कशासाठी काढलं हे चार ओळींत लिहा, मॉडेलची लेखी संमती जवळ ठेवा, आणि फोटो टाकताना चित्राचा तुकडा कापून टाकू नका, अख्खं टाका. कुणी उतरवा म्हणून आलं तर लेखी आदेश मागा आणि तो कोणत्या कलमाखाली आहे ते विचारा.